माळ हिरवा झाला, पण कशामुळे?

दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले असतात. डावीकडे उघडाबोडका उतार, भेगाळलेली जमीन, एखादं खुरटं झुडूप. उजवीकडे तोच उतार, हिरवागार. खाली एक ओळ: ‘पाच वर्षांत कायापालट’. असे फोटो मोबाइलवर आले की बरं वाटतं. पण माझी नजर आधी तारखांकडे जाते. डावीकडचा फोटो ऐन उन्हाळ्यातला आणि उजवीकडचा पाऊस नुकताच संपल्यावरचा असेल, तर त्या उतारावर कुणी कुदळ मारली नसती तरी फोटो असेच आले असते.

हा प्रश्न आता फोटोंपुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचं म्हणून जाहीर केलं आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘बॉन चॅलेंज’ या जागतिक मोहिमेचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर जमीन सावरण्याचं आहे. आफ्रिकन युनियनने २००७ मध्ये हाती घेतलेल्या ‘ग्रेट ग्रीन वॉल’चं उद्दिष्ट १० कोटी हेक्टरचं, आणि तेही सहाराच्या कडेच्या कोरड्या पट्ट्यात. इतका पैसा आणि इतके कष्ट ओतल्यावर काम फळलं की नाही, हे ठरवायचं कसं?

## कोरडा प्रदेश म्हणजे कुठला?

वर्षभरात पडणारा पाऊस एका बाजूला ठेवा. ऊन-वाऱ्याने जमिनीतून आणि पानांतून जितकं पाणी उडून जाऊ शकतं, ते दुसऱ्या बाजूला ठेवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून उत्तर ०.६५ पेक्षा कमी आलं, तर तो कोरडा प्रदेश. थोडक्यात, जिथे पाण्याची मिळकत कमी आणि खर्च जास्त. पृथ्वीवरची सुमारे ४० टक्के जमीन या व्याख्येत बसते आणि दोनशे कोटींहून जास्त माणसं तिथे राहतात.

कोरडा म्हणजे बिघडलेला नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. गवताळ माळ, काटेरी झुडपांचं रान, विरळ झाडांची कुरणं हे सगळं आपापल्या जागी पूर्ण आणि निरोगी असतं. बिघाड होतो तो अति चराई, झाडतोड किंवा चुकीच्या नांगरटीमुळे माती वाहून जायला लागते आणि गवत परत उगवत नाही तेव्हा. अशी जमीन सावरायची म्हणजे तिचं जंगल करायचं नाही. तिच्या जागी जे असायला हवं, ते परत यायला मदत करायची.

या प्रदेशांचा एक स्वभाव पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ आहे. इथे पाऊस नुसता कमी नसतो, तो लहरीही असतो. एक वर्ष भरभरून, पुढची दोन कोरडी. झाडोरा पावसामागोमाग वर-खाली होतो. त्यामुळे कोणतीही दोन वर्षं उचलून तुलना केली, तर हवं ते सिद्ध करता येतं.

## लावलेली रोपं मोजून काय कळतं?

सर्वात सोपा आकडा म्हणजे किती रोपं लावली. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानात एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावली गेली. काही महिन्यांनी तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने सांगितलं की, त्यांनी पाहिलेल्या ठिकाणची ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेली आहेत. सरकारी खात्याने ते फेटाळलं आणि ९५ टक्के रोपं जगल्याचं सांगितलं. मोहीम एकच, आणि आकडे असे दोन टोकांचे! कुठली रोपं मोजायची, कशी निवडायची आणि कधी मोजायची हे आधी ठरलेलं नसलं, तर ‘जगलेली टक्केवारी’सुद्धा ज्याच्या त्याच्या हातातली गोष्ट होते.

याच्या नेमकी उलट गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाची. तिथल्या मारादी भागात १९८०च्या दशकात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कार्यकर्ते रोपं लावून थकले होते. बहुतेक रोपं मरायची. मग त्यांच्या लक्षात आलं की शेतात जी खुरटी झुडपं समजून लोक दरवर्षी छाटतात, ते तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत आणि जमिनीखाली त्यांची मुळं जिवंत आहेत. फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखण करायची. शेतकऱ्यांनी एकमेकांचं पाहून हे उचललं आणि दक्षिण नायजरमध्ये अंदाजे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. आता लावलेल्या रोपांच्या रकान्यात या कामाची नोंद करायला गेलात तर काय लिहाल? शून्य.

म्हणून ‘किती लावली’ हा आकडा मी कामाच्या खर्चाचा मानतो, फळाचा नाही.

## आकाशातून हिरवेपणा कसा मोजतात?

निरोगी पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग अन्न तयार करण्यासाठी पिऊन टाकतं आणि आपल्याला न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरण परत फेकतं. उघडी माती असा भेदभाव फारसा करत नाही. उपग्रह हे दोन्ही प्रकाश मोजतो. दोघांतला फरक भागिले दोघांची बेरीज केली की जो आकडा येतो, त्याला ‘एनडीव्हीआय’ म्हणतात. यापुढे मी त्याला हिरवेपणाचा आकडा म्हणेन. तो उणे एक ते एक यांच्या मधे असतो. उघड्या मातीवर तो ०.१ च्या आसपास, तर घनदाट जंगलावर ०.८ च्या घरात.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये उडाला. आताचे लँडसॅट उपग्रह जमिनीकडे ३० मीटर लांब-रुंद चौकोनांतून पाहतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरच्या चौकोनांतून. एका चौकोनाला एक आकडा. लँडसॅटच्या एका चौकोनात ९०० चौरस मीटर जमीन येते. त्यात तीन झुडपं, थोडं गवत आणि उरलेली माती असेल तरी उत्तर एकच. वर्गाच्या सरासरी गुणांसारखं हे आहे. सरासरी चाळीस आली, म्हणजे सगळ्यांना चाळीस पडले की चौघांना नव्वद आणि बाकी नापास, हे त्यावरून कळत नाही.

कोरड्या प्रदेशात ही अडचण जास्तच टोचते, कारण चौकोनाचा मोठा भाग मातीचा असतो आणि मातीचा रंगच आकडा हलवतो. पाऊस पडून माती काळपट झाली, तर एक पानही न वाढता आकडा बदलू शकतो. अल्फ्रेडो हुएते या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मातीचा हा परिणाम कमी करणारं सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. दुसरी अडचण वाळलेल्या गवताची. बहुवर्षायू गवताचे ठोंब उन्हाळ्यात पिवळे पडतात, पण मुळं जिवंत असतात आणि ठोंब मातीला धरून ठेवतात. हिरवेपणाच्या आकड्याला ते जवळजवळ दिसतच नाहीत.

विखुरलेली झाडं तर फार काळ अशीच नजरेतून सुटत होती. २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने अतिशय बारीक तपशिलाची उपग्रहचित्रं संगणकाला वाचायला शिकवून पश्चिम आफ्रिकेच्या १३ लाख चौरस किलोमीटर भागातली झाडं एकेक करून मोजली. निघाली १८० कोटींहून जास्त. बरीचशी अशा जागी, जिथे नकाशे झाडं नाहीतच म्हणून सांगत होते. अर्थात ही एका वेळची शिरगणती. झाडं वाढली की घटली, हे तीच मोजणी पुन्हा केल्यावर कळतं.

## पाऊस चांगला झाला म्हणून हिरवं, की काम झालं म्हणून?

माझ्या मते सगळं प्रकरण या प्रश्नात आहे.

समजा, एका शाळेत नवी शिकवणी सुरू केली आणि मुलांचे गुण दहाने वाढले. शिकवणीचा गुण? थांबा. त्या वर्षी पेपर सोपा होता का? कळायचं असेल तर शिकवणी नसलेल्या, पण तशाच दुसऱ्या वर्गाचे गुण पाहावे लागतील. त्यांचेही आठने वाढले असतील तर शिकवणीच्या वाट्याला दोनच येतात.

जमिनीचंही तसंच. जिथे चर खणले, बांध घातले, चराई थांबवली ती एक जमीन. तिच्यासारखीच माती, उतार, पाऊस आणि वापराचा इतिहास असलेली, पण काहीच न केलेली दुसरी. हिला आपण जोडजमीन म्हणू. दोन्हींची कामाआधीची आणि नंतरची अशी चार मोजमापं घ्यायची. कामाच्या जमिनीवर हिरवेपणाचा आकडा ०.२० वरून ०.३० झाला आणि जोडजमिनीवर ०.२० वरून ०.२८, तर कामाची कमाई ०.०२ एवढीच. बाकीची पावसाची.

आता हेच उलट बाजूने पाहा. दुष्काळ पडला. कामाची जमीन ०.२० वरून ०.१८ वर घसरली. कागदावर हे अपयश. पण जोडजमीन ०.१३ पर्यंत कोसळली असेल, तर चरांनी आणि बांधांनी धरलेल्या ओलाव्याने ही जमीन तग धरून राहिली, म्हणजे काम फळलं. अशी यशं फोटोत दिसत नाहीत. तपकिरी उताराचा फोटो कोण पाठवणार? मला तर वाटतं, कोरड्या प्रदेशातल्या कामाची खरी परीक्षा वाईट वर्षीच होते, आणि नेमकं त्याच वर्षी मोजायचा कुणाला उत्साह नसतो.

जोडजमीन निवडताना दोन गफलती फार होतात. पहिली गुरांची. एका तुकड्याला कुंपण घातलं की तिथल्या शेळ्या-मेंढ्या कुठे जातात? शेजारच्या तुकड्यावर. तिथली चराई वाढते, जमीन आणखी झिजते आणि कुंपणाआतली जमीन तुलनेत फारच छान दिसते. अशा वेळी सुधारणा झालेलीच नसते, नुसती भाराची हलवाहलव झालेली असते. म्हणून जोडजमीन अगदी कुंपणाला खेटून नको, एकच तर मुळीच नको. जमतील तितक्या घेऊन त्यांची सरासरी धरावी.

दुसरी गफलत सुरुवातीच्या वर्षाची. लोक आणि सरकारं जागी होतात ती भीषण दुष्काळानंतर, म्हणून कामं बहुतेकदा सर्वात वाईट वर्षी सुरू होतात. तळ गाठल्यावर पुढची वर्षं आपोआपच बरी असतात. सहाराच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यात १९८३-८४ च्या दुष्काळानंतर पाऊस सावरला आणि सगळा पट्टाच थोडा हिरवा झाला. काम झालेले भाग आणि न झालेलेही. मग नायजरच्या शेतकऱ्यांचं श्रेय पावसाला द्यायचं का? इथे सीमेनेच जोडजमीन पुरवली. पलीकडे उत्तर नायजेरियात पाऊस उलट जास्त, मातीत फारसा फरक नाही, तरी झाडं कमी दिसली. म्हणजे नायजरमधली झाडं एकट्या पावसाची नव्हेत.

जोडजमीन मिळालीच नाही तर? मग गाडीच्या ॲव्हरेजचा विचार करा. लिटरमागे गाडी किती किलोमीटर चालते हे जसं पाहतो, तसं मिलिमीटरभर पावसामागे जमीन किती झाडोरा देते हे पाहायचं. ल उएरू या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ही कल्पना पुढे आणली. पुढे तिला जोड मिळाली: जुन्या नोंदींवरून ‘एवढ्या पावसाला इथे एवढा हिरवेपणा’ असा त्या जमिनीचा हिशेब बांधायचा आणि पुढच्या वर्षांत ती त्या अपेक्षेच्या वर जाते की खाली, ते बघत राहायचं. सतत वर जात असेल तर पावसाव्यतिरिक्त काहीतरी चांगलं घडतं आहे. पण पर्जन्यमापक दूर असेल तर हा हिशेब फसतो. कोरड्या भागात पाऊस एका ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही.

## हिरवं आहे, पण कोणतं?

कच्छमधलं बन्नी हे गवताळ कुरण. तिथे १९६०च्या दशकात खारी जमीन पसरू नये म्हणून वेडी बाभूळ लावली गेली. कच्छी लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, अर्थ तोच. ती इतकी माजली की कुरणाचा मोठा भाग तिने गिळला आणि मालधारी पशुपालकांच्या गुरांचं गवत गेलं. उपग्रहाला विचारा, तो म्हणेल हिरवेपणा वाढला! नामिबियातही गवताळ रानांत काटेरी झुडपांची अशीच दाटी झाली आहे. तिथे जमीन सावरायची तर झुडपं काढावी लागतात, म्हणजे आकडा आधी खाली जायला हवा.

हवी ती हिरवाईही कधीकधी झेपेनाशी होते. चीनच्या लोएस पठारावर १९९९ पासून उतारावरची शेती थांबवून झाडं-गवत वाढवण्याची प्रचंड मोहीम झाली. झाडोऱ्याचं आच्छादन १९९९ मधल्या ३१.६ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ५९.६ टक्क्यांवर गेलं. धूप कमी झाली, हे मोठंच काम. पण २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवलं की झाडोरा इतकं पाणी पिऊ लागला आहे की आणखी वाढवला तर माणसांच्या वाट्याचं पाणी कमी पडेल. तेव्हा जमीन सावरल्याच्या हिशेबात ओढ्या-विहिरींचं पाणीही धरावं लागतं.

एकाच आकड्यावर विसंबू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या निर्देशांकानेही मानलं आहे. तो तीन विषय तपासतो: जमिनीवर काय आहे, ती किती झाडोरा पिकवते आणि मातीत सेंद्रिय कर्ब किती. तिन्हींपैकी एकात जरी घसरण झाली, तरी जमीन नापास. बन्नीतल्या बाभळीसारखी गोष्ट मात्र याही चाळणीतून निसटू शकते. त्यासाठी खाली उतरावं लागतं.

## गुडघे टेकून मोजणी

जमिनीवरची सर्वात भरवशाची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. ५० मीटरचा टेप ताणून बांधायचा. दर अर्ध्या मीटरला एक बारीक सळई वरून सरळ खाली सोडायची आणि ती कशाकशाला लागली ते लिहायचं. पहिल्या खुणेला: झुडपाचं पान, खाली पालापाचोळा, मग माती. दुसऱ्या खुणेला: नुसती माती. तिसऱ्या खुणेला: गवताच्या ठोंबाचं बूड. अशा शंभर नोंदी झाल्या की त्या रेषेवर किती टक्के जमीन झाकलेली, किती उघडी आणि कोणत्या जातींनी झाकलेली हे कळतं. शिवाय ठोंबांमधली उघडी अंतरं मोजतात. झाकलेली टक्केवारी तीच असली तरी उघड्या पट्ट्या लांबच लांब असतील तर वारा आणि पाणी तिथून माती उचलणार.

दुसरी एक चाचणी मला फार आवडते. मातीचा चण्याएवढा खडा बारीक चाळणीवर ठेवून पाण्यात बुडवायचा आणि घड्याळ लावायचं. आजारी माती काही सेकंदांत विरघळून ढासळते. सुधारलेल्या मातीचा खडा पाच मिनिटांनीही बसलेला असतो, कारण मुळांचे तंतू, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकटा त्याला धरून ठेवतात. कितीतरी जागी मातीच्या पृष्ठभागावर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांचं पातळ कवच तयार होतं. तेही परत येतं आहे का, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि एक नोंद सर्वात मोलाची: न लावलेली रोपं. लावलेल्या झाडांखाली, बांधांच्या कडेला, वाऱ्याने आणि पाखरांनी आणलेल्या बियांतून स्थानिक जातींची नवी पिढी उगवते आहे का? उगवत असेल तर जमीन आपल्या पायावर उभी राहू लागली. नसेल तर ती अजून आपल्या पाणी घालण्यावर जगते आहे.

## किती वर्षं थांबायचं?

बहुतेक प्रकल्पांचा अहवाल तीन ते पाच वर्षांत लिहिला जातो. जमिनीची घाई तेवढी नसते. कोरड्या प्रदेशांत बिया पेरून केलेल्या कामांचा सहा खंडांतला एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तपासणीत जवळपास एकतृतीयांश प्रयोगांमध्ये पेरलेल्या सगळ्या जाती उगवलेल्या होत्या, तर १७ टक्के प्रकल्पांत एकही नाही. पण काळजीची गोष्ट पुढे आहे: वर्षं जातील तशा पेरलेल्या जाती कमी कमी होत गेल्या. पहिल्याच वर्षी पाहून गेलेल्याने ‘यशस्वी’ लिहिलं असतं.

अमेरिकेत टुसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर १९०६ पासून आखलेले तुकडे आजही मोजले जातात. वाळवंटी झाडोऱ्यातले बदल एका माणसाच्या नोकरीच्या काळात पुरते उलगडत नाहीत, हे अशा जागांमुळेच कळलं. प्रत्येक कामाला शंभर वर्षं देता येणार नाहीत, हे खरं. पण एक दुष्काळ आणि एक चांगला पाऊस त्या जमिनीने पाहिलेला असावा, एवढं तरी थांबावं.

## त्यापेक्षा तिथल्या माणसांना विचारलं तर?

जरूर विचारावं, आणि आधी विचारावं. कोणतं गवत गुरं आवडीने खातात, कोणतं नुसतंच दिसायला हिरवं, कोणत्या ओढ्याला पूर्वी किती दिवस पाणी असायचं, हे मेंढपाळाइतकं कुणाला माहीत? सळई आणि उपग्रह ‘किती’ सांगतात. ‘कशाच्या उपयोगाचं’ हे मेंढपाळच सांगतो. शिवाय जमीन सावरली हे ठरवायचा हक्क तिच्यावर जगणाऱ्यांचा आहे. अडचण एवढीच की आठवणीवर अलीकडच्या एक-दोन वर्षांचा रंग चढतो, आणि पन्नास गावांच्या आठवणी एका तक्त्यात बसत नाहीत. म्हणून दोन्ही हवं.

## आधीची नोंदच नसेल तर?

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघते. काम सुरू करताना मोजायचं राहून गेलं, आता तुलना कशाशी करणार? हिरवेपणापुरती यातून वाट आहे. लँडसॅटची जुनी चित्रं २००८ पासून सर्वांना फुकट खुली आहेत. त्यामुळे आज एखादा उतार निवडून तो तीस वर्षांपूर्वी कसा होता हे मागे जाऊन पाहता येतं, आणि त्याच्या जोडजमिनीही आता शोधता येतात. उन्हाळ्यातली चित्रं वेगळी घेतली तर, गवत वाळलेलं असताना हिरव्या राहणाऱ्या झाडांचा अंदाजही वेगळा करता येतो.

पण त्या चित्रांत गवताची जात नाही, मातीचा खडा नाही, झुडपाखालचं इवलं रोप नाही. ते मागे जाऊन मोजता येत नाही. म्हणून पहिला चर आखायच्या आधी एक दिवस तिथे जायला हवं. दोन खुंट्या ठोकायच्या, टेप ताणायचा, शंभर नोंदी लिहायच्या, त्याच खुंटीवरून एक फोटो घ्यायचा आणि त्यावर तारीख टाकायची. मग शेजारच्या, काहीच न करायच्या जमिनीवर जाऊन हेच सगळं पुन्हा.